बालकाचे स्वगत : एका वादाचा युरोपीय प्रवास

चार-पाच वर्षांचे मूल पाटीवर चित्र काढीत बसले असता स्वतःशीच काही ना काही बोलत असते. ‘आता याला शेपूट काढू या. नको, आधी डोळे.’ जवळपास कोणी ऐकत आहे की नाही याची त्याला फिकीर नसते. निदान पाहणाऱ्यास तसे वाटते. घरातील माणसांना या बडबडीचे कौतुक वाटते, क्वचित कंटाळाही येतो. परंतु तीत काही प्रश्न दडलेला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. युरोपातील मानसशास्त्राने मात्र या बडबडीवर कित्येक दशके वाद घातला. तो जिनीव्हात उपस्थित झाला, हँबर्गमध्ये त्याला हरकत घेतली गेली, मॉस्कोत त्याला निराळे वळण लागले आणि त्याचे अखेरचे महत्त्वाचे उत्तर लिहिले गेले तेव्हा प्रतिपक्षाच्या मृत्यूस अठ्ठावीस वर्षे होऊन गेली होती.

शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा इतिहास बहुधा परिषदांच्या अहवालांवरून लिहिला जातो. मानसशास्त्राच्या बाबतीत तो १८८९ साली पॅरिस येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून सुरू करण्याची प्रथा आहे. परिषदांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु अध्यक्षांची भाषणे आणि प्रतिनिधींची संख्या यांवरून एका देशातील विचार दुसऱ्या देशात जाऊन नेमके काय करतो, हे कळत नाही. त्यासाठी एखादा प्रश्न हाती धरून त्याच्या मागे मागे जावे लागते. बालकाच्या या स्वगताचा प्रश्न त्या दृष्टीने फार उपयोगी आहे.

बालभाषेचा अभ्यास आरंभापासूनच सीमा ओलांडणारा होता. १८७६ हे वर्ष या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या एकाच वर्षी पॅरिसमध्ये तेओद्युल रिबो यांचे ‘रव्ह्यू फिलॉसॉफिक’ आणि इंग्लंडमध्ये ‘माइंड’ ही नियतकालिके निघू लागली. रिबो यांच्या नियतकालिकात इपोलित तेन यांनी मुलांच्या भाषासंपादनावर लेख लिहिला. पुढील वर्षी त्याचे भाषांतर ‘माइंड’मध्ये आले, आणि ते वाचून चार्ल्स डार्विन यांना आपल्या थोरल्या मुलाविषयी सदतीस वर्षांपूर्वी केलेल्या टिपणांची आठवण झाली. ती टिपणे त्यांनी १८७७ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केली. येथे ठराव नाही, समिती नाही, कोणी कोणास निमंत्रणही दिलेले नाही. एका फ्रेंच गृहस्थाने आपल्या मुलीविषयी लिहिले, म्हणून एका इंग्रज गृहस्थाने आपल्या मुलाची वही फडताळातून काढली, एवढेच. पुढे १८८२ मध्ये येना येथील शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर यांचा बालकाच्या मनोविकासावरील ग्रंथ निघाला आणि मुलाची रोजनिशी ठेवणे ही गोष्ट विद्वानांच्या घरोघरी प्रतिष्ठित झाली.

या रोजनिशांत सर्वांत चिकाटीची रोजनिशी क्लारा आणि विल्यम स्टर्न या पतिपत्नींची. हिल्डे, ग्युंटर आणि एव्हा या आपल्या तीन मुलांच्या बोलण्याची नोंद त्यांनी १९०० पासून वर्षानुवर्षे ठेवली. ब्रेस्लाऊ येथे असताना, १९०७ साली, त्या सामग्रीवर आधारलेला त्यांचा बालभाषेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. टिपणांचा मोठा भार क्लाराबाईंनी उचलला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव आधी आहे ते उगाच नव्हे. १९१६ मध्ये हे कुटुंब हँबर्गला गेले. तेथील मानसशास्त्रीय संस्था पुढे जर्मनीतील अग्रगण्य संस्थांपैकी एक झाली.

जिनीव्हाचे स्थान निराळे होते. शहर लहान, भाषा फ्रेंच, आणि पुस्तकांच्या दुकानात जर्मन ग्रंथ तितकेच सुलभ. तेओदोर फ्लूर्न्वा आणि एदुआर क्लापारेद यांनी १९०१ मध्ये तेथे मानसशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले. १९०९ ची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद फ्लूर्न्वा यांच्या अध्यक्षतेखाली तेथेच भरली आणि तिचे चिटणीसपद क्लापारेद यांनी सांभाळले. १९१२ मध्ये क्लापारेद यांनी रूसोच्या नावाने शिक्षणशास्त्राची संस्था काढली. पहिल्या महायुद्धानंतर विजयी राष्ट्रांनी जर्मन शास्त्रज्ञांवर बहिष्कार घातला असताना मानसशास्त्रज्ञांची परिषद १९२३ मध्ये ऑक्सफर्ड येथे भरली व तीत जर्मन अभ्यासक सहभागी झाले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. असे दुवे टिकवून धरणाऱ्यांत क्लापारेद हे प्रमुख होते. ज्याला जर्मन वाचता येते, ज्याचा इंग्रजांशी पत्रव्यवहार आहे आणि जो कोणाच्याच सैन्यात नव्हता, असा मनुष्य मध्यस्थ म्हणून फार उपयोगी पडतो.

१९२१ मध्ये क्लापारेद यांनी एका पंचविशीच्या तरुणास आपल्या संस्थेत बोलावून घेतले. ज्याँ पियाजे हे त्याचे नाव. मृदुकाय प्राण्यांवर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेट मिळविली होती. काही काळ झ्युरिचमध्ये काढून तो पॅरिसला गेला होता. तेथे त्याच्याकडे आलेले काम मोठे चमत्कारिक होते. इंग्लंडमधील सिरिल बर्ट यांनी लंडनच्या मुलांसाठी रचलेल्या तर्कविषयक प्रश्नमाला पॅरिसच्या मुलांसाठी प्रमाणित करून द्यावयाच्या होत्या. कामाचा हेतू बरोबर उत्तरे मोजण्याचा. पियाजे यांचे लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांकडे गेले. मुले चुकतात ती एका विशिष्ट पद्धतीने चुकतात, असे त्यांना दिसले. इंग्रजी प्रश्न, फ्रेंच मुले आणि स्विस परीक्षक असा हा योग. पियाजे यांच्या पुढील सर्व संशोधनाचे बीज या कारकुनी कामात आहे.

जिनीव्हातील संस्थेला जोडून मुलांची एक शाळा होती. तेथील सुमारे सहा वर्षांच्या दोन मुलांचे बोलणे पियाजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिनाभर सकाळच्या वेळी शब्दशः टिपून घेतले. ग्रंथात या मुलांना ‘लेव्ह’ आणि ‘पी’ अशी नावे दिलेली आहेत. प्रत्येक वाक्याची वर्गवारी केली गेली. ऐकलेल्याची निव्वळ पुनरुक्ती, एकट्याने केलेले स्वगत, आणि दोघेतिघे जवळ बसून ज्याचे त्याने आपले आपले बोलणे, म्हणजे पियाजे ज्याला सामूहिक स्वगत म्हणतात ते. हे तीन प्रकार एका बाजूस. माहिती देणे, टीका, आज्ञा, प्रश्न व उत्तरे ही दुसऱ्या बाजूस. पहिल्या बाजूच्या बोलण्यास त्यांनी अहंकेंद्री भाषण ही संज्ञा दिली. मुलाच्या उत्स्फूर्त बोलण्यात त्याचे प्रमाण लेव्हच्या बाबतीत ०.४७ आणि पीच्या बाबतीत ०.४३ निघाले. १९२३ मध्ये क्लापारेद यांच्या प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा, की लहान मुलाचे जवळजवळ निम्मे बोलणे श्रोत्यासाठी नसतेच. त्याचा विचार अद्याप स्वतःभोवतीच फिरत असतो, आणि दुसऱ्याच्या दृष्टिकोनाची जाणीव वाढत गेली म्हणजे असे बोलणे आपोआप मागे पडते.

दोन मुलांच्या महिन्याभराच्या बोलण्यावर एवढे मोठे अनुमान उभारावे काय, असा आक्षेप कोणीही घेईल. परंतु आक्षेप घेणे आणि तो तपासणे यांत अंतर आहे. हँबर्गमध्ये तो तपासला गेला. स्टर्न यांच्या सहकारी मार्टा मुखोव यांनी तेथील बालोद्यानातील मुलांचे बोलणे अशाच रीतीने टिपले, आणि अहंकेंद्री भाषणाचे प्रमाण जिनीव्हापेक्षा कमी असल्याचे आढळले. स्टर्न यांनी याचा उलगडा असा केला : जिनीव्हाच्या शाळेत प्रत्येक मूल आपापल्या कामात गढलेले असते, जर्मन बालोद्यानात सामूहिक खेळांना अधिक वाव असतो, आणि घरात, आईबापांच्या सहवासात, मुलाचे बोलणे याहूनही अधिक संवादरूप असते. रोस्टॉक येथील डाव्हिड आणि रोझा काट्झ यांनी १९२८ मध्ये आपल्या दोन मुलांशी झालेल्या संभाषणांचा एक संग्रहच प्रसिद्ध केला. तो वाचल्यावर मूल आपल्याच कोशात गुरफटलेले असते असे म्हणणे कठीण होते.

या देवघेवीत सहकार्य हा शब्द कोणी वापरला नाही. वरकरणी तर तो विरोधच होता. पण जिनीव्हातील अंक हा बालस्वभावाचा की जिनीव्हातील एका शाळेचा, हा प्रश्न जिनीव्हात बसून सुटणारा नव्हता. तो सोडविण्यास दुसऱ्या शहरातील मुले हवी होती, आणि पहिल्या शहरातील पद्धत प्रामाणिकपणे उचलून तीच पुन्हा वापरणारा परका अभ्यासक हवा होता. पियाजे यांनीही हँबर्गची हरकत दुर्लक्षिली नाही. आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत त्यांनी तिचा परामर्श घेतला.

तिसरे शहर मॉस्को. लेव्ह विगोत्स्की १९२४ मध्ये तेथील मानसशास्त्र संस्थेत दाखल झाले. परदेशप्रवास त्यांना एकदाच घडला. १९२५ मध्ये मूकबधिरांच्या शिक्षणविषयक परिषदेसाठी ते लंडनला जाऊन आले. त्यानंतर क्षयाने त्यांची पाठ सोडली नाही. परंतु जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचण्याचा त्यांचा झपाटा विलक्षण होता. पॅरिस, बर्लिन, हँबर्ग, व्हिएन्ना येथे काय लिहिले जात आहे याची खबर त्यांच्या लेखनात इतकी ताजी असते, की लेखक युरोपच्या पूर्व टोकाशी बसलेला आहे हे वाचकाने विसरावे. प्रवासाची बाजू त्यांचे तरुण सहकारी अलेक्झांडर लूरिया यांनी सांभाळली. १९२९ च्या नवव्या आंतरराष्ट्रीय परिषदेस, अमेरिकेतील येल विद्यापीठात, लूरिया हजर राहिले. अहंकेंद्री भाषणाचे कार्य आणि त्याची अखेरची गती या विषयावर त्या दोघांच्या नावे सादर झालेला निबंध त्या परिषदेच्या वृत्तांतात संक्षेपाने छापलेला आहे.

विगोत्स्की यांनी पियाजे यांचे निरीक्षण नाकारले नाही. मूल असे बोलते, हे त्यांनी मान्य केले. ते कशासाठी बोलते एवढेच विचारले. त्यांनी मुलाच्या कामात मुद्दाम अडचण घातली : चित्र काढण्याच्या ऐन वेळी हवा तो रंग नाही, कागद नाही. अशा वेळी अहंकेंद्री भाषणाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. साडेपाच वर्षांचे एक मूल ट्रामचे चित्र काढीत होते. चाक काढताना पेन्सिलीचे टोक मोडले. ‘मोडली’ असे पुटपुटून मुलाने पेन्सिल बाजूला ठेवली, रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढावयास घेतली. तो एक शब्द कोणासाठीही नव्हता. पण त्याने चित्राचा सबंध बेत बदलला. म्हणजे ही बडबड विचाराची सावली नसून विचाराचे साधन आहे, असे विगोत्स्की यांचे म्हणणे.

दुसरा प्रयोग भाषेच्या अभ्यासकास अधिक मोलाचा वाटेल. जे मूल इतर मुलांत बसून भरपूर स्वगत बोलते, त्याला मूकबधिर मुलांत अथवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांत बसविले. आपले बोलणे कोणास कळणार नाही हे जाणवताच बहुतेक मुलांचे स्वगत थांबले. उरलेल्यांचे सरासरीने एक-अष्टमांशावर आले. शेजारी वाद्यवृंदाचा गलबला करून आवाज बुडविला, तरी तसेच घडले. जे बोलणे खरोखर केवळ स्वतःसाठी आहे, ते श्रोता नाहीसा झाल्यावर वाढावे किंवा निदान तेवढेच राहावे. ते कमी का व्हावे? येथे आपल्या रंगभूमीवरील स्वगताची आठवण होते. पात्र मनाशी बोलते खरे, पण रिकाम्या नाट्यगृहात ते बोलत नाही. मुलाचे स्वगत समाजातून येते आणि मग आत वळते, हा विगोत्स्की यांचा सिद्धांत. पियाजे यांच्या मते ते मरते. विगोत्स्की यांच्या मते ते केवळ ऐकू येईनासे होते. मूल बोटांवर मोजणे सोडते, म्हणून ते मोजणे विसरले असे आपण म्हणत नाही.

या आंतरिक भाषणाच्या रचनेविषयी विगोत्स्की यांनी जे लिहिले, त्यात रशियन भाषाशास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. संवादाच्या भाषेवर १९२३ मध्ये लिहिणारे याकुबिन्स्की आणि येव्गेनी पोलिवानोव यांचा त्यांनी आधार घेतला. दोघांना विषय ठाऊक असला म्हणजे उद्देश्य गळते आणि विधेय तेवढे उरते. स्वतःशी बोलताना विषय तर नेहमीच ठाऊक असतो, म्हणून आंतरिक भाषण सर्वस्वी विधेयमय होते. आपल्याकडील वाचकास येथे मध्यमा आणि वैखरी ही जोडी आठवेल. साम्य मनोरम आहे, परंतु ते फार ताणू नये. भर्तृहरीचा प्रश्न शब्दतत्त्वाचा आहे, विगोत्स्की यांचा मुलाच्या वाढीचा.

१९३२ मध्ये पियाजे यांचा ग्रंथ रशियन भाषेत निघाला. त्याला विगोत्स्की यांची दीर्घ टीकात्मक प्रस्तावना आहे, आणि त्याच आवृत्तीसाठी पियाजे यांनीही आपले निवेदन लिहून पाठविले. केवळ जिनीव्हासारख्या एकाच परिसरातील मुले पाहून व्यक्तीचा वाटा किती आणि समाजाचा किती हे ठरविता येत नाही, अशी कबुली त्यांनी त्यात दिली. एकाच पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांत वादी आणि प्रतिवादी अशा सभ्यतेने शेजारी बसलेले क्वचितच आढळतात. शीर्षकाकडेही लक्ष दिले पाहिजे. फ्रेंचमधील ‘लांगाज’ म्हणजे भाषाशक्ती. ती रशियनमध्ये ‘रेच’ झाली, म्हणजे प्रत्यक्ष बोलणे. जर्मन ‘श्प्राख’ दोन्ही अर्थ पोटात घेते. शब्दाच्या या बदलाने वादाचे केंद्रही किंचित सरकले. मूल कोणती भाषा जाणते यापेक्षा ते बोलून काय साधते, हा प्रश्न रशियन वाचकापुढे आधी आला.

सहकार्य अगदी फलद्रूप होण्याच्या बेतात असताना मोडले. १९३२ मध्ये कुर्ट कॉफ्का हे लूरिया यांच्या उझबेकिस्तानातील संशोधनमोहिमेत सामील झाले आणि तेथे आजारी पडले. १९३३ च्या आरंभी कुर्ट लेविन जपानहून परतताना मॉस्कोत थांबले. त्याच सुमारास जर्मनीत हिटलरचे राज्य आले. एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांच्या जागा गेल्या. स्टर्न यांना आपल्याच संस्थेचे दार बंद झाले. ते १९३८ मध्ये अमेरिकेत वारले. काट्झ यांनी अखेर स्वीडन गाठले. जिनीव्हाचा अंक हँबर्गमध्ये तपासणाऱ्या मार्टा मुखोव ज्यू नव्हत्या. संस्था उद्ध्वस्त झालेली पाहून सप्टेंबर १९३३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. व्हिएन्नात भाषेचा सिद्धांत मांडणारे कार्ल ब्यूलर १९३८ मध्ये कैदेत पडले व सुटल्यावर देशांतरास गेले.

मॉस्कोत दुसऱ्या मार्गाने तेच घडले. जून १९३४ मध्ये विगोत्स्की सदतिसाव्या वर्षी क्षयाने वारले. त्यांचा ‘विचार आणि भाषण’ हा ग्रंथ त्याच वर्षाच्या अखेरीस निघाला. पियाजे यांच्यावरील ती प्रस्तावना त्याचे दुसरे प्रकरण आहे. ४ जुलै १९३६ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने बालाध्ययनशास्त्राविरुद्ध हुकूम काढला, आणि विगोत्स्की यांची पुस्तके वाचनातून गेली. पोलिवानोव यांना जानेवारी १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. त्यांच्या ग्रंथांचे अवतरण देणेही यापुढे धोक्याचे होते. माणसांचा प्रवास बंद झाला एवढेच नव्हे, तर परक्याचे वाचणे आणि आपल्या वाचनाची कबुली देणे ही सवयच गुन्हा ठरली. त्या सवयीवरच तर हा सारा वाद उभा होता.

दुवा शिल्लक राहिला तो निर्वासितांच्या हाती. सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेल्या, येना येथे शिकलेल्या आणि १९३० मध्ये अमेरिकेत कॉफ्का यांच्याकडे गेलेल्या युजेनिया हांफमान यांना रशियन, जर्मन आणि इंग्रजी या तिन्ही जगांची ओळख होती. विगोत्स्की यांच्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण १९३९ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात इंग्रजीत आले, त्यात त्यांचा हात होता. युद्धाच्या गदारोळात ते फारसे कोणी वाचले नाही. मूळ ग्रंथ रशियात १९५६ मध्ये पुन्हा छापला गेला. तत्पूर्वी, १९५५ मध्ये, पियाजे मॉस्कोस जाऊन आले होते. हांफमान आणि गर्ट्रूड व्हाकार यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि त्यासोबत पियाजे यांचे अभिप्राय एका स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने दिले गेले.

ती पुस्तिका वाचताना मन खिन्न होते. लूरिया यांच्याकडून विगोत्स्की यांची टीका आपल्या कानावर येत असे, पण त्यांचे लेखन आपण कधी वाचू शकलो नाही आणि त्यांची भेटही घडली नाही, असे पियाजे सांगतात. मग ते मुद्द्याला हात घालतात. अहंकेंद्री भाषण हा आंतरिक भाषणाचा आरंभ आहे, हे विगोत्स्की यांचे म्हणणे ते स्वीकारतात. अहंकेंद्रितेचा आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ निव्वळ बोधविषयक होता, स्वार्थाशी त्याचा संबंध नव्हता, असा खुलासा करतात. आणि समाजाच्या संपर्काने विचार सहजच सुसंवादी होतो ही कल्पना मात्र फार आशावादी असल्याचे सांगून आपली जुनी भूमिका राखतात. उत्तर सरळ आहे, उदारही आहे. प्रत्युत्तर देणारा मात्र नव्हता.

१९६२ चे भाषांतर संक्षिप्त होते. मूळ ग्रंथातील बराच भाग त्यात गाळलेला आहे, आणि ‘भाषण’ या जागी शीर्षकात ‘भाषा’ हा शब्द आला आहे. फ्रेंचमधून रशियनमध्ये जाताना जो अर्थ सरकला होता, तो रशियनमधून इंग्रजीत येताना पुन्हा मागे ढकलला गेला. पुढे बालकाच्या या बोलण्यास अमेरिकन संशोधकांनी ‘खासगी भाषण’ असे नाव दिले आणि जुन्या संज्ञेतील दूषण तेवढे वगळले. ग्रंथाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर, ‘विचार आणि भाषण’ या मूळ शीर्षकाला धरून, १९८७ मध्ये निघाले. त्या वेळी पियाजे हयात नव्हते. १९८० साली जिनीव्हातच त्यांचे निधन झाले होते.